भिंतीवरची सकाळ

त्या राज्यात सकाळ झालेली कोणी पाहिली नव्हती. राज्य म्हणजे एक भिंत, आणि भिंतीवर पूर्वजांनी रंगवलेला सूर्योदय: चुन्याचे बगळे, निळीचे डोंगर आणि मधोमध हिंगुळाचा लालभडक सूर्य. पण चित्रासमोर दिवा लावायचा लोकांचा रिवाज होता. प्रत्येक दिव्याने उजेड दिला, तशी काजळीही दिली. पिढ्या गेल्या, भिंत काळीठिक्कर पडली, आणि दिवे लागतच राहिले. भक्ती ती, तिला कोण आवरणार!

अखेर रंगांनी दूर देशीच्या शलाकेला बोलावले. ही प्रकाशाची, केसाएवढी बारीक, आणि तिचा न्याय सरळ. ती डोळा लवायच्या आत पडे. काळे असेल ते तिला गिळून जागीच उडून जाई, पांढरे असेल ते तिला परतवून लावी. विचारपूस नाही की साक्षीपुरावा नाही.

पहिली पाळी चुन्याची. काजळी भुर्रकन उडाली आणि बगळे असे पांढरे निघाले की रंगांच्या डोळ्यांत पाणी आले. चुन्याला साधा चटकाही बसला नाही. तेव्हापासून तो शलाकेचा कारभारी झाला. मग निळीचे डोंगर उजळले. उरला सूर्य.

काजळीखालून हिंगूळ म्हणाला, "दादा, मला तेवढं वगळा. आम्हां हिंगुळांना प्रखर उजेड सोसत नाही. माझा थोरला भाऊ खलातून काढून उन्हात ठेवला होता, तो पार काळवंडला. माझी काजळी ओल्या कापसाने टिपा. वेळ लागेल, पण मी लाल निघेन."

"अरे, कर नाही त्याला डर कशाला?" चुना हसला. "मी गेलो की तिच्यापुढे! झालं काही मला? आणि तुला कापूस, आम्हाला शलाका, हा कुठला न्याय? इथे सगळ्यांना एकच माप."

निळीला वाटले, आपण मध्ये बोलावे. पण तिचे डोंगर नुकते कुठे उजळले होते. ती गप्प बसली.

शलाका पडली. काजळी उडाली, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, असा लाल सूर्य उगवला की पाहणाऱ्यांचा ऊर भरून आला. मग तो कडेपासून मध्यापर्यंत काळवंडत गेला.

"बघा! म्हणत नव्हतो? आतूनच काळा होता," चुना म्हणाला. "आणखी एकदा, बाई."

शलाका पुन्हा पडली. सूर्य आणखी काळा झाला. आता मात्र ती थबकली. हवेत तरंगणाऱ्या काजळीला तिने विचारले, "हे काळं तुझंच ना?"

"माझं नव्हे गं बाई," काजळी म्हणाली. "मी निघाले तेव्हा तो लाल होता."

 शलाका मिटली आणि आल्या वाटेने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भिंतीच्या दालनाची दारे उघडली आणि लोक आत आले. बगळे शुभ्र होते, डोंगर निळे होते, आणि त्यांच्यामागून काळा सूर्य वर येत होता. लोक बराच वेळ पाहत राहिले. मग नीट दिसावे म्हणून कोणीतरी समोर दिवा लावला.