मीठ आणि चार कासवं

शेळ्यांच्या डोंगरावर मीठ नव्हतं आणि उंटांच्या माळावर बाभळीच्या शेंगा नव्हत्या, त्या काळातली ही गोष्ट. दर हंगामाला जमना उंटीण पाठीवर मीठ लादून डोंगरावर जायची आणि शेंगा घेऊन परतायची.

एकदा ती पोचली, तर वाटेत म्हातारं कासव मान बाहेर काढून बसलेलं. कवचाच्या तोंडाशी कुणीतरी काटकी ठोकून बसवली होती. बिचाऱ्याला मान आत घेताच येईना. मागे आणखी तीन कासवांची तीच गत.

"हे कुणी केलं?" जमनाने विचारलं.

"आम्हीच," डोंगराचा मुखिया ढवळ्या बोकड म्हणाला. "आम्ही सगळे मान उंचावून, मोठ्याने देवाचं नाव घेतो. ही चार कासवं मान आत ओढून गुपचूप घेतात. देवापासून तोंड लपवायचं म्हणजे काय! ते जाऊ द्या, मीठ उतरवा."

"आधी काटक्या काढा."

"जमनाबाई, हा आमच्या घरचा मामला. व्यापारात देवधर्म कशाला आणता? हवं तर दुप्पट शेंगा घ्या."

जमनाच्या पोटात भुकेने खड्डा पडला होता. घरी पिल्लं शेंगांची वाट बघत होती. तरी ती पाठीवरच्या मिठासकट तिथंच, कासवाशेजारी बसली.

"मीठही माझ्या घरचंच आहे," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी शेळ्या दगड चाटू लागल्या. पाचव्या दिवशी सकाळी ढवळ्याने स्वतः चारही काटक्या उपटल्या. कासवांनी हळूच माना आत घेतल्या.

"झालं ना तुमच्या मनासारखं? उतरवा आता!"

जमना जागची हलली नाही.

"थांबा जरा. त्यांची प्रार्थना चालू आहे."