रायाजी पैलवानाचे वाकडे पाऊल

मंडळी, आजच्या कथेवर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. उंबरदऱ्यात ही कथा झाली तेव्हा तिथल्या मारुतीनेसुद्धा भुवई उंचावली होती म्हणतात. पण घडले ते घडले. माझी खुर्ची जरा पुढे सरकवा, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जाईल.

टोपले महाराजांचा मुक्काम त्या वर्षी उंबरदऱ्याला, मारुतीच्या पारावर होता. डोक्यावर सदा एक रिकामी टोपली. कोणी विचारले तर महाराज म्हणायचे, "तुझी काळजी टाक हिच्यात. रिकामी नेऊन मी तरी काय करू?" केवढी ही दया!

पाराला लागूनच गावची तालीम. आणि तालीम म्हणजे कशी? उंबरदऱ्याच्या गड्याने शड्डू ठोकला की डोंगरापलीकडच्या म्हशी दूध चोरायच्या! ही तालीम उभारली रायाजी पैलवानाने. तो अंघोळीला डोहात उतरला की पाणी देवळाच्या पायरीला लागे. बैठका मारून मारून त्याने मारुतीपुढच्या काळ्या फरशीत आपली दोन पावले उमटवली होती. डावे सरळ, उजवे मात्र आत वळलेले. तालमीचा दंडक असा, की बैठका मारायच्या त्या याच पावलांत पाय रोवून. जत्रेच्या आदल्या सकाळी त्या पावलांत जो बैठका पुऱ्या करील, त्यालाच मानाच्या कुस्तीचा लंगोट.

त्या वर्षी लंगोटाचा मान बिरा धनगराचा, यात कोणाला शंका नव्हती. मेंढरांमागे वाढलेला पोरगा, तोंडाने अबोल, पण कुस्तीच्या हौद्यात उतरला की माती उडायची. जत्रा महिन्यावर आली आणि वस्ताद हैबतरावांनी त्याच्या बैठका एकाएकी दुप्पट केल्या. बिराचा उजवा गुडघा धरू लागला. आधी नुसती बैठकीत, वाटीच्या पुढून कळ यायची. मग पायरी उतरताना. मग उकिडवे बसतानाही. बिरा कळ गिळत राहिला. उंबरदऱ्याच्या पैलवानाचा गुडघा दुखतो, हे सांगायचे कोणत्या तोंडाने? शेवटी एके सकाळी तो बैठकीत खाली गेला, तो वर आलाच नाही.

हैबतराव गरजले, "अरे, ह्या फरशीवर पिढ्या घासल्या! कुणाचा गुडघा कधी बोलला नाही. तुझाच बरा बोलतोय?"

"मेंढरांत राहून बें बें करायला शिकला असंल, वस्ताद!" कोणीतरी मागून म्हणाले. सारी तालीम हसली.

हैबतरावांचा ताठा काय सांगावा! ते मारुतीलाही उभ्यानेच हात जोडत. 'आमचा वस्ताद देवापुढंही वाकत नाही,' असे गाव छाती काढून सांगे.

बिरा लंगडत पारावर आला. त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "म्हाराज, माझा बा ह्या लंगोटापायी झुरत गेला. त्याच्या नावानं एकदा तरी हौद्यात उतरू द्या. अंगारा लावा."

महाराज म्हणाले, "अंगारा लावू रे. आधी बैठक मार बघू. अर्धीच, जपून." आणि महाराज चक्क जमिनीवर पालथे पडून बघू लागले! "हे बघ, लेकरा. त्या फरशीच्या सवयीनं पाऊल आत, मांडी बाहेर, आणि मधल्या मध्ये वाटीचा जीव चाललाय. गुडघा पायाच्या बोटांच्या सरळीत वाकावा. त्यात वस्तादानं भार एकदम वाढवला, खाली दगड, अंग न तापवता सुरुवात. गुडघा बोलंल नाही तर काय करंल?"

मग महाराजांनी अंगारा लावला आणि वर पथ्यही सांगितले. खोल बैठका बंद. दुखऱ्या गुडघ्यावर माठातल्या पाण्याची गार घडी. उताणे निजून पाय ताठ ठेवून उचलायचा, कुशीवर निजून वर न्यायचा, म्हणजे मांडी आणि कुल्ला गुडघ्याचा भार घेतील. कळ उतरली की भिंतीला पाठ लावून थोडे थोडे वाकायचे. पुढे बैठका वाढवायच्या त्याही जरा जरा.

"आणि गुडघा टम्म सुजला, मधेच अडकला, की पाय टेकवंना झाला, तर माझ्याकडं येऊ नकोस. वैद्याकडं जा. मी साधू आहे, हाडवैद्य नव्हं!"

बिरा मेंढवाड्याशेजारी निजून पाय वर-खाली करी आणि तालमीतली पोरे कुंपणापाशी येऊन विचारीत, "काय बिरुबा, पाळण्यात खेळताय व्हय?" बिराने सारे ऐकून घेतले. कळ मात्र दिवसागणिक उतरत गेली.

जत्रेच्या आदल्या सकाळी सारा गाव मारुतीपुढे लोटला. बिरा फरशीवर आला. डावा पाय रायाजीच्या पावलात ठेवला. उजवा मात्र अधांतरी राहिला. वाकडा ठेवावा तर गुडघा पुन्हा जाणार, सरळ ठेवावा तर बापाचा लंगोट जाणार.

हैबतराव म्हणाले, "रायाजीच्या पावलात पाय बसत न्हाई, तो रायाजीच्या तालमीचा न्हाई. उतर खाली!"

बिराने पाराकडे पाहिले. महाराज आले. डोक्यावरची टोपली उजव्या पावलावर पालथी घातली आणि तिच्यावर थापटून म्हणाले, "रायाजी, लहानपणी आंब्यावरून पडून तुझा पाय वाकडा सांधला. तुला तोच सोसला. लेकरांना कशाला वाकड्यात उभं करतोस? पाय सरळ कर, बाबा."

फरशी थरथरली. देवळातली घंटा आपोआप वाजली. महाराजांनी टोपली उचलली, आणि काय सांगावे! काळ्या दगडातले पाऊल डाव्याच्या जोडीला सरळ झाले होते!

बिराने पाय ठेवला. गुडघा बोटांच्या सरळीत वाकला. एकाही बैठकीला कळ आली नाही. दुसऱ्या दिवशीची मानाची कुस्ती त्याने अशी मारली, की टाळ्यांनी जत्रेतले तंबू हलले.

पण खरा चमत्कार त्याच सकाळी झाला. हैबतराव पुढे आले. बिराच्या खांद्याचा आधार घेतला आणि हळूहळू, कडकड आवाज करीत, महाराजांपुढे वाकले. गाव बघतच राहिला.

"म्हाराज, मी ताठ्यानं उभा राहत नव्हतो. माझेच गुडघे कितीक वर्षं बोलतायत. मी त्यांचं तोंड दाबून ठेवलं, आणि ह्या पोराचंही दाबाय निघालो."

महाराज म्हणाले, "टाक टोपलीत. आणि उद्यापासनं तूही भिंतीला पाठ लाव."

मंडळी, तेव्हापासून त्या फरशीवर जो श्रद्धेने बैठका मारतो त्याचे गुडघे जन्मात दुखत नाहीत. सांगणाऱ्यानेही तिथे रोज पहाटे, अगदी आज पहाटेसुद्धा—

"मग तात्या," पुढच्या रांगेतून गोदाक्का म्हणाल्या, "सारा गाव खाली मांडी घालून बसलाय. तुम्हालाच तेवढी खुर्ची का लागली?"