आत्याबाईंची झोप

एकदा एक तरुण शिष्य आपल्या वृद्ध गुरूंच्या आज्ञेने पहिल्यांदाच एकटा रोगी पाहायला निघाला. शिष्याचे नाव श्रीपती. गुरू त्या पंचक्रोशीतले जाणते वैद्य होते. परंतु गुडघे धरल्यापासून त्यांना लांब चालवत नसे. पेठेतल्या गुळाच्या व्यापाऱ्याचे बोलावणे आले तेव्हा त्यांनी श्रीपतीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "या खेपेला तू जा. नाडी पाहशील ती नीट पाहा, आणि माणूसही पाहा." श्रीपतीने वाकून नमस्कार केला. आनंदाच्या भरात त्याच्या कानांवर वाक्याचा पहिला अर्धाच भाग पडला असावा.

रोगी होत्या व्यापाऱ्याच्या आत्याबाई. बालपणीच वैधव्य आल्याने त्या माहेरी परतल्या होत्या. पुढे भावजय गेली, आणि मागे राहिलेले तिचे लहानगे पोर आत्याबाईंनी पदराखाली घेतले. तेच पोर आता पिकल्या मिशांचा मातब्बर व्यापारी झाले होते. पेठेत त्याच्या शब्दाला वजन होते. आत्याबाईंसाठी मात्र तो अजून बाळ्याच होता.

थंडीत आत्याबाईंना मोठा ताप येऊन गेला. त्या उठून बसल्या तेव्हा व्यापाऱ्याला आनंद मावेना. आयुष्यभर जिने माजघरात जमिनीवर अंग टाकले, तिला आता सुख द्यायचे, असे त्याने मनाशी घेतले. घरामागच्या बागेत त्याने एक नवी खोली बांधली, सावरीच्या कापसाची मऊ गादी करवली आणि मोठ्या कौतुकाने आत्याबाईंना तिथे नेऊन निजवले. त्या दिवसापासून त्यांची झोप जी गेली ती गेलीच.

श्रीपतीने नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि घरगुती उपायांनीच सुरुवात करायची असे ठरवले. निजताना कोमट दुधात जायफळ उगाळून द्यावे. तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासावे. माथ्यावर ब्राह्मीचे तेल जिरवावे. रात्रीचे जेवण हलके, आणि तेही दिवेलागणीलाच. व्यापाऱ्याची बायको सुंदरा हे सारे स्वतःच्या हाताने करी. आत्याबाई निमूटपणे दूध पीत, निमूटपणे पाय पुढे करीत. आणि सकाळी पाहावे तर डोळे तारवटलेले.

"खसखशीची खीर देऊन पाहा," श्रीपती म्हणाला. खीर झाली. तिनेही काही साधले नाही.

तेव्हा श्रीपतीने विचार केला की औषध बरोबर असून गुण येत नाही, त्या अर्थी पथ्यात कुठेतरी चूक असली पाहिजे. तो स्वतः एकांतात अभ्यास करणारा, दार लोटून निजणारा. कोलाहल हा निद्रेचा शत्रू, हे त्याला सिद्धांतासारखे वाटे. त्याने घरातल्या सर्वांना एकत्र बोलावले आणि सांगितले, "आत्याबाईंना झोप लागेपर्यंत या घरात आवाज होता कामा नये."

घराने हे पथ्य मनापासून पाळले. गाईच्या गळ्यातली घंटा काढली गेली. उखळ शेजारणीच्या ओसरीवर गेले. व्यापाऱ्याच्या मुलींना खेळायला नदीकडे पिटाळण्यात आले. सुंदरा बांगड्या कोपरापर्यंत सारून वावरू लागली. घराच्या पुढच्या भागातल्या आडतीत एरवी ओरडून होणारे सौदे रुमालाखाली बोटे दाबून होऊ लागले. गुळाची ढेप हातातून निसटली तर हमाल एकमेकांकडे चोरासारखे पाहत. सगळे घर चवड्यांवर चालत होते, आणि हे सारे एका म्हातारीवरच्या मायेपोटी.

आत्याबाई मात्र दिवसेंदिवस वाळत चालल्या. अन्नावरची वासना उडाली. एके दिवशी विहिरीच्या पायरीवर त्यांचा तोल गेला. सुंदराने वेळीच धरले म्हणून निभावले. त्यानंतर त्यांनी आपले तांब्याचे घंगाळ मोलकरणीला देऊन टाकले, ठेवणीतले लुगडे मुलींच्या बाहुल्यांसाठी काढून ठेवले, आणि एका सकाळी व्यापाऱ्याला जवळ बसवून म्हणाल्या, "बाळ्या, मला नदीवरच्या धर्मशाळेत नेऊन सोड."

"आत्या! माझ्या सेवेत काही उणं पडलं का?"

"उणं कसलं रे? राजाच्या आईलासुद्धा कुणी असं ठेवत नसेल. पण माझं आता इथं काय काम आहे? तिथं निदान माणसं येतात, जातात."

व्यापारी बाहेर आला तो डोळे पुशीतच. पेठेत ज्याला कुणी कधी रडताना पाहिले नव्हते, तो अंगणात उभा राहून श्रीपतीला हात जोडून म्हणाला, "वैद्यराज, काहीही करा. ही बाई गेली तर मी पोरका होईन."

आपली पहिली रोगी आपल्या हातून निसटते आहे, हे श्रीपतीला कळत होते. का निसटते आहे, ते कळत नव्हते. तो तसाच गुरूंकडे गेला आणि काहीही न लपवता सगळे सांगितले. गुरूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बैलगाडी मागव."

दुपारी जेवणे आटोपल्यावर गाडी व्यापाऱ्याच्या दारात थांबली. गुरू काठी टेकीत घरात शिरले. कुणीतरी खुणेनेच पाट मांडला, कुणीतरी खुणेनेच पाणी दिले. गुरूंनी ओसरी पाहिली, माजघर पाहिले, मागच्या दारातून बागेतल्या खोलीकडे नजर टाकली. मग ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. तिथे भिंतीला टेकवून पितळेची एक भलीमोठी परात उभी केली होती. गुरूंनी ती दोन्ही हातांनी उचलली, छातीपर्यंत नेली आणि सोडून दिली.

असा काही ठणाणा झाला की गोठ्यातली गाय दचकून उठली. परात गरगर फिरत राहिली, आणि तिचा नाद बराच वेळ घरभर घुमत राहिला. सुंदराने तोंडावर हात ठेवला. श्रीपतीला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. इतके दिवस ज्या घराला श्वाससुद्धा जपून घ्यायला लावला, तिथे खुद्द गुरूंनीच हे करावे?

तेवढ्यात बागेतल्या खोलीचे दार उघडले. आत्याबाई एका हाताने भिंत धरून, पण भरभर येत होत्या.

"कोण पडलं? कुणाला लागलं का? सुंदरे, पोरी कुठं आहेत?"

"कुणी पडलं नाही, बाई," गुरू म्हणाले. "परात मी पाडली. चुकून नव्हे, मुद्दाम."

आत्याबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "केस पिकले तरी खोड्या गेल्या नाहीत म्हणायच्या! परातीला पोचा आला असता म्हणजे?"

आणि त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणीतरी मोठ्याने हसले होते.

"बाई, तुमचं अंथरूण कुठं असायचं पूर्वी?" गुरूंनी विचारले.

"इथंच, माजघरात. या खांबाशी."

"मग ते इथंच घाला," गुरूंनी सांगितले. "गादी नको, नेहमीची घोंगडी आणि वाकळ आणा. आणि तुम्ही सगळे आपापल्या कामाला लागा. जसं पूर्वी करत होता तसं करा. आवाज न करता नव्हे."

श्रीपतीला राहवेना. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, या गलबल्यात त्यांना झोप कशी येईल?"

"बस इथं," गुरू एवढेच म्हणाले.

सुरुवातीला कुणालाच जमेना. सुंदरा भाजणीचे धान्य कढईत ओतताना जरा घाबरतच होती. शेजारणीकडून उखळ परत आले, पण मुसळ पहिल्यांदा हळूच पडले. मुली सागरगोटे घेऊन कोपऱ्यात बसल्या, आणि त्यांनी मात्र पहिल्याच डावात भांडण उकरून काढले. "तू हात लावलास!" "नाही लावला!" पुढच्या आडतीत व्यापाऱ्याचा आवाज चढला, कुणा गाडीवानाला तो ढेपा उन्हात ठेवल्याबद्दल झापत होता. उलथन्याचा खणखणाट, मुसळाचा ठोका, भाजल्या डाळीचा खमंग वास, असे सगळे हळूहळू माजघरात भरून आले.

आत्याबाई वाकळीवर आडव्या झाल्या होत्या. पडल्या पडल्या त्यांची राजवट सुरू झाली. "चिमे, तिला खेळू दे गं. लहान आहे ती. सुंदरे, गहू करपतायत बघ, वास येतोय. धने शेवटी घाल. मंद आचेवर. आणि त्या गाईला पाणी…"

गाईच्या पाण्याचे काय, ते कुणालाच कळले नाही. आत्याबाईंचे तोंड किंचित उघडे राहिले होते, आणि त्या गाढ झोपल्या होत्या.

श्रीपतीचा आनंद गगनात मावेना. त्याने पटकन उठून ओठांवर बोट ठेवले आणि सगळ्यांना खूण केली, गप्प! सवयीने सगळे एकदम थांबले. मुसळ वरच्या वर राहिले. मुलींचे भांडण अर्ध्यावर तुटले. पुढच्या आडतीतही कुणीतरी निरोप नेला, आणि तिथलाही आवाज बंद झाला.

आत्याबाई ताडकन उठून बसल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. "काय झालं? सगळे गप्प का? बाळ्या कुठं आहे? बाळ्या!"

व्यापारी धावत आला. त्यांनी त्याचा हात असा गच्च धरला की त्याच्या मनगटावर बोटे उमटली. "इथंच आहे मी, आत्या. काही झालं नाही." आणि ती पकड हाताला जाणवली तसा तो तिथेच खाली बसला. त्याची आई गेली तेव्हा तो फार लहान होता. त्या दिवसाचे त्याला काहीच आठवत नसे. आठवत असे ते एवढेच की घर एकाएकी मुके झाले होते, आणि आत्याने त्याचा हात असाच धरला होता.

गुरूंनी सुंदराकडे पाहून मान हलवली. ती समजली. उलथने पुन्हा कढईवर खणखणले, मुसळ पुन्हा पडू लागले. आत्याबाईंनी जरा वेळ कान देऊन ऐकले. मग त्यांची बोटे सैल झाली आणि त्या भाच्याच्या मांडीशीच कलंडल्या. आता मात्र त्यांना जी झोप लागली, ती मुलींनी सागरगोटे खांबावर आपटले तरी मोडली नाही.

गुरू ओसरीवर येऊन बसले. श्रीपती खाली मान घालून समोर उभा राहिला.

"तू त्यांना रोज काय विचारायचास?" गुरूंनी मायेने विचारले.

"दूध घेतलं का, पाय घासले का, कितीदा जाग आली."

"आणि त्या काय म्हणायच्या?"

श्रीपती आठवू लागला. "त्या मलाच विचारायच्या, गुरुजी. पोरी जेवल्या का, बाळ्या आला का, गाय दूध देते का. मला वाटायचं, त्या मूळ प्रश्न टाळतायत."

"त्या उत्तरच देत होत्या, बाळ," गुरू म्हणाले. "तुझं दूध चुकलं नाही, तूप चुकलं नाही, ते चालूच ठेव. पण या बाईनं सगळा जन्म कानांनी घर राखलं आहे. भांडं वाजलं की सून उठली. पोरी भांडल्या की त्या धडधाकट आहेत. बाळ्या ओरडला की धंदा ठीक चाललाय. एवढं कानावर आलं की ती डोळे मिटायची. बागेतल्या खोलीत ते आवाज आधीच पुसट झाले होते, उरलेलेही तू काढून घेतलेस. मग घरी सगळं क्षेम आहे, हे तिला सांगणार कोण? ती बिचारी रात्र रात्र जागून ऐकत राहिली. आपल्याला शांततेत विसावा मिळतो, म्हणून तिलाही मिळेल, असं आपण धरून चाललो. तिच्या आयुष्यात घर शांत झालं, ते फक्त कुणी गेलं तेव्हा."

"मी त्यांचं हित करायला गेलो होतो, गुरुजी."

"म्हणून तर सगळ्यांनी तुझं ऐकलं. रागावू नकोस स्वतःवर. माया होतीच, तिनं जरा विचारून घ्यायला हवं होतं, इतकंच."

आतून मुलींच्या खिदळण्याचा आवाज आला, आणि त्यावर सुंदराचा लटका दटावणीचा. पुढे कुठेतरी गुळाची ढेप धपकन पडली. श्रीपती पहिल्यांदाच ते आवाज रोग्याच्या कानांनी ऐकत होता.

त्यानंतर धर्मशाळेचे नाव निघाले नाही. बागेतल्या खोलीत गुळाच्या ढेपा ठेवू लागले. काही दिवसांनी श्रीपती पुन्हा त्या घरी गेला, तेव्हा संध्याकाळ होत आली होती. माजघरात धाकटी मुलगी आत्याबाईंच्या तळव्यांना तूप लावत होती आणि वाटी घासता घासता शाळेतली कसलीशी न संपणारी हकीकत सांगत होती. आत्याबाईंच्या गालांवर थोडे मांस आले होते.

"या वैद्यराज!" त्या म्हणाल्या. "बघा जरा या घराकडे. एक मेलं झोपू देईल तर शपथ! बाळ्याचा आवाज म्हणजे नगारा. या पोरीचं तोंड म्हणजे गिरण. काहीतरी सांगा यांना."

"सांगतो हं," श्रीपती हसून म्हणाला. पण तो कुणालाच काही बोलला नाही. तो धाकटीची हकीकत ऐकत बसला. आत्याबाईंची तक्रार हळूहळू जांभईत विरत गेली. निघताना त्याने हलक्या आवाजात विचारले, "आत्याबाई, आणखी काही हवंय का?"

"काही नको," त्या मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या. "फक्त जाताना ते दार ओढून घेऊ नकोस."

श्रीपतीने दार सताड उघडे ठेवले आणि तो पायऱ्या उतरला. चवड्यांवर नव्हे, नेहमीसारखा, वहाणांचा आवाज करीत.