पाठीवरचा भोपळा

खाडीवर माणसांपेक्षा बगळे जास्त होते, तेव्हाची गोष्ट. हिराजी कोळी एकट्याच्या होडीतून मासे धरायचा. बुडू नये म्हणून अंगाला सुकवलेला भोपळा बांधायची रीत होती. त्याच्या घरी दोन भोपळे होते.

मोठा म्हणाला, "मी रेडासुद्धा तरंगवीन."

धाकटा म्हणाला, "मला बांधून अंगणात जाळं फेकून बघा."

हिराजीने मोठा पोटाशी बांधला. "हाही असू द्या," म्हणत बायजाने नवऱ्याच्या पाठीवर धाकटा आवळला.

खाडीत जाळं फेकताना मोठा कोपराला लागू लागला, म्हणून हिराजीने तो सोडून होडीत ठेवला. तेवढ्यात आभाळ झाकणारी हिरवी लाट उठली. हिराजी पाहतच राहिला. होडी उलटली, आणि त्या अथांग पाण्यात धाकट्याने त्याला वर धरलं.

मोठाही बुडाला नाही. डौलात तरंगत तो दूर गेला, एकटाच.