लोण्याची पाठ

कोळदऱ्याच्या माळावर आलेल्या पाहुण्यांना आधी तो दगड दाखवतात. गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या मुलीएवढा. कांद्यासारखी त्याची सालपटे निघतात. वाटेकडची बाजू लोण्याने चकचकीत, पलीकडची कोरडीठाक.

फार पूर्वी इथे मेंढपाळांचा तळ असे. त्यातल्या धुरपाची लेक लिंबी जन्मली तीच अंगभर खवले घेऊन. उन्हात कातडी तडकायची, रक्त यायचे. धुरपा रोज लोणी चोळायची. पण तळावरच्या जाणत्यांनी, म्हणजे ज्यांचा आवाज मोठा त्यांनी, ठरवून टाकले की हे लागट आहे, शिवले की दुसऱ्याला होते. धुरपाला मागून मुलगा झाला आणि त्याच्या काळजीने तिनेही हात आखडला. लिंबीला माळावर खोपट बांधून दिले. धुरपा भाकरी आणि लोण्याची वाटी लांब ठेवायची.

"आये, पाठीला माझा हात पुरत न्हाई गं. तू लाव की."

धुरपा पदर तोंडात कोंबून उतार उतरायची.

लिंबीला सोबत होती बोडकी नावाच्या कुत्रीची. तिच्याही अंगावर केस नव्हते, नुसती खवले. कुत्र्याचे माणसाला लागत नाही, असे म्हणे जाणत्यांचे मत होते. लिंबीला मागे ठेवून तळ चराईला कोकणात निघाला त्या सुमारास बोडकी व्याली. पिलांची आबाळ नको म्हणून लिंबीने तिला पिलांसकट पाटीत घालून उतारावर ठेवले. धुरपाने पाटी उचलली.

कोकणात धुरपा ती पिले बघत राहिली. एक आईसारखे बोडके, बाकीची केसाळ. एकाच ढिगात निजायची, आई सगळ्यांना चाटायची. तरी केसाळ ती केसाळच राहिली. मग तिला सासूचे कोपर आठवले. तिथेही अशीच खवले होती, आणि त्या कुशीत निजलेल्या कुणालाच काही झाले नव्हते. हे शिवण्याने येत नाही, रक्तातून येते. आपण उगाच लेकराला दूर लोटले.

परतताना ती तळाच्या पुढे धावत माळावर आली, हातात लोण्याचा गोळा, मागोमाग बोडकी. खोपट रिकामे होते. बाहेर हा दगड होता, वाटेकडे पाठ करून बसलेला. बोडकी त्याच्या पायाशी जाऊन आडवी झाली. धुरपाने लोणी चोळायला घेतले ते दिवस मावळला तरी थांबवले नाही, असे सांगतात.

आजही कोकणातून परतलेल्या बाया पहिले लोणी उघड्या तळहाताने या दगडाला चोळतात. फक्त पाठीला. पुढे तिचा हात पुरतो.