केरबाने खोली मिळवली

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा शब्द गावाचा. त्याची आत्या त्याच्यासाठी दुसरा शब्द वापरायची, तो इथे नको.

केरबाला तालुक्याच्या गावी तेलाच्या घाण्यावर काम लागलं आणि तो आत्याकडे राहायला गेला. आत्याचं घर म्हणजे एकच खोली, आणि त्यात तिचं सगळं खटलं. केरबाची बायको मालन तोवर माहेरीच होती. तिने निरोप धाडला, "आपली येगळी खोली हुईल तवाच मी येते." केरबाचा मालनवर फार जीव. निरोप मिळाला तसा तो खोली शोधायला निघाला.

पहिल्या घरी मालक शेटे स्वतः खोली दाखवायला आले. केरबाने सगळं नीट पाहिलं आणि पाहिलं तसं सांगितलं.

"भिंतीला ओल हाय. मोरी तुंबलीया. आन् तुमच्या तोंडाला तंबाखूचा वास येतोय."

शेट्यांनी त्याला जिना दाखवला.

आत्याने कपाळावर हात मारला. "अरं, खोड काढू नये! मालक काय बी बोलू दे, आपण म्हणावं, 'वा! छान झालं!'"

"बरं," केरबा म्हणाला.

दुसऱ्या घरी मालक खोलीच्या दारातच थबकला. "इथं आमचे वडील राहायचे. गेल्या महिन्यात गेले."

"वा! छान झालं!"

मालकाला वाटलं, याला नीट ऐकू आलं नसावं. "मोरीत पाय घसरून पडले हो."

"वा वा! फारच छान झालं!"

या मालकाने जिना दाखवला नाही. थेट तळाशी पोचवलं.

आत्या केरबाच्या कोपराला हळद लावता लावता म्हणाली, "अरं, माणूस घरातलं सांगाय लागला की तोंड पाडावं. डोळ्याला रुमाल लावावा. म्हणावं, 'फार वाईट झालं. असं कुणाच्या घरी न होवो.'"

"मग हे आधी सांगायचं की," केरबा म्हणाला. त्याला थोडा रागच आला होता.

तिसऱ्या घरी दारातच एका आजीबाईंनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. "घ्या, घ्या! आमच्या सुनेला मुलगा झाला!"

केरबाने पेढा तोंडात टाकला, रुमाल डोळ्याला लावला आणि हुंदका देऊन म्हणाला, "फार वाईट झालं. असं कुणाच्या घरी न होवो."

आजीबाईंनी पेढा परत मागितला. तो गिळून झाला होता. मग त्यांनी आतून लाटणं मागवलं.

आता आत्याने हातच टेकले. "केरबा, आजपासनं तू तोंड उघडू नगंस. मालक बोलंल ते ऐकायचं, मान हलवायची. आन् त्यो घालंल ती अट जीव गेला तरी मोडायची न्हाई. कळलं?"

केरबाने मान हलवली. तोंड उघडायचं नव्हतं ना.

पेठेच्या टोकाला हेरवाडकर गुरुजींची लहानशी बिल्डिंग होती. दोन मजले, चार बिऱ्हाडं, वरची एक खोली रिकामी. गुरुजींना बोलायची भारी हौस आणि ऐकायला कुणी नाही, अशी त्यांची अवस्था.

"जिन्यात चपला नकोत."

केरबाने मान हलवली.

"गच्चीवर पापड नकोत."

मान हलली.

"आणि पाणी मोजकं येतं, तेव्हा खोलीत माणसं दोन. दोन म्हणजे दोन. तिसरं दिसलं की त्याच दिवशी खोली खाली करायची."

केरबाने मान अशी हलवली की टोपी पडली. गुरुजींना एवढा समजूतदार भाडेकरू जन्मात भेटला नव्हता. त्यांनी लगेच किल्ली काढून दिली. घोडं एकदाचं गंगेत न्हालं. आत्याने देवापुढे साखर ठेवली.

मालन आली. संसार लावून द्यायला तिची आईही आली. मालन खाली रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होती, तोवर सासूबाई पोळपाट घेऊन वर आल्या. केरबाने त्यांना पाणी दिलं. मग कमरेवर माठ घेऊन मालन जिना चढून आली. तिला बघून केरबाला इतका आनंद झाला की त्याचे डोळेच भरून आले.

मग त्याने मोजलं. आपण एक. सासूबाई दोन.

त्याने दार लावून कडी घातली.

"अवं, दार उघडा की! मी हाय, मालन!"

"वळखलं गं," केरबा खिडकीच्या गजांमधून म्हणाला. "पर माणसं दोनच ठरल्यात. आमी झालो दोन."

सासूबाई उठल्या. "जावईबापू, मग मी जाते बाहेर. तिला घ्या आत."

"तुमी गेला की एकच राहतंय, मामी. दोन म्हंजे दोन."

"मग आधी तिला घ्या, मागनं मी जाते."

"मग तीन हुत्यात."

सासूबाई मटकन खाली बसल्या. बाहेर मालन माठ ठेवून जिन्यात बसली आणि रडायला लागली. केरबाने टोपी काढून डोकं खाजवलं. एवढी पायपीट केली ती हिच्याचसाठी, आणि हीच बाहेर! त्याने गजांमधून तिला आपला रुमाल दिला आणि हळूच म्हणाला,

"रडू नगंस. शेट्यांची खोली अजून रिकामी हाय, ती मागून बघ. त्यांच्या तोंडाला वास येतोय, पर बोलू नगंस. मी निघालो की हितं मामींच्या जोडीला तुझ्या बाला बसवू, म्हंजे अट बी मोडायची न्हाई. खोली मिळाली की मला हाक मार. तिथं आपण दोघंच राहू."