येतो हं, आई

बगळे दोन्ही पायांवर उभे राहायचे, त्या काळची गोष्ट. तळ्याकाठी एक म्हातारी बगळीण राहायची. तिचे गुडघे गेले होते, आणि बगळ्याचे गुडघे गेले म्हणजे उरलं काय? नुसती चोच!

तिचा मुलगा धवळू अधूनमधून यायचा. एक मासोळी द्यायचा, "ओव्याने शेकत जा गं" असा सल्ला द्यायचा आणि पाय उचलून म्हणायचा, "येतो हं, आई." की उडाला भुर्रकन!

म्हातारी लगेच काठावर वाट बघत उभी. येतो म्हणाला ना!

एकदा अशीच उभ्या उभ्या ती चिखलात कोसळली. बेडकांनी ओढून बाहेर काढली. धवळूला कळलं तसा तो धावत आला आणि ओरडला, "अगं, येतो म्हणजे जातो! एवढंही कळत नाही?"

"मग तसंच म्हण की," म्हातारी म्हणाली. "म्हण, आई, मी जातो."

धवळूने पाय उचलला, चोच उघडली. पण असलं अभद्र बोलायचं कसं? आणि 'येतो' म्हणावं, तर ते खोटं. चोच मिटली. पाय मात्र वरच राहिला. अजूनही बगळे तसेच उभे असतात.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "उभाच आहेस तर तेवढा ओवा गरम कर."